खातं चालू, मी बंद

३ मार्च, सोमवार

सकाळी नऊ चाळीसला खातं अडलं. पासवर्ड बरोबर. कॉम्प्युटर तोच, जागा तीच, खुर्चीसुद्धा तीच. तरी पडद्यावर — 'असामान्य हालचालीमुळे तुमचा प्रवेश मर्यादित करण्यात आला आहे.' असामान्य काय, ते सांगत नाहीत.

कामाच्या ओळखींचं खातं. नऊ वर्षांपूर्वी उघडलेलं. डायलिसिसच्या मशिनी तपासणारी माणसं मोजकीच. सगळी तिथेच भेटतात. कुठल्या पंपाचा अलार्म उगाच वाजतो, कुठे जागा निघाली, कोण कुठे गेलं. मी तिथे फार बोलत नाही. कुणी विचारलं तर उत्तर देते. फोटोसुद्धा माझा नाही, मशिनीचा आहे.

शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "तुम्ही आणि असामान्य हालचाल? तुम्ही जागेवरून उठता तरी कधी?"

पडद्याचा फोटो काढून ठेवला. वेळ लिहून ठेवली. उद्या सुटेल.

४ मार्च, मंगळवार

सुटलं नाही. ओळखपत्र मागितलं, चढवलं. चार मिनिटांत नकार — 'कागदपत्र खातेधारकाशी जुळत नाही.' पुन्हा चढवलं. खिडकीच्या उजेडात, काळ्या कापडावर, चारही कोपरे दिसतील असं. या वेळी तीन मिनिटं. म्हणजे माणसाने पाहिलेलंच नाही.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्याशी जुळत नाही, तर मग कोणाशी जुळतं?"

प्रश्न बरोबर आहे.

५ मार्च, बुधवार

दुपारी मिस्त्रींचा फोन. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मी ज्या कंपनीत होते, तिथले मशीन दुरुस्तीचे मिस्त्री. तिथल्या माणसांपैकी फक्त तेच अजून फोन करतात.

"काय ताई, सगळ्यांना नोकऱ्या वाटताय आणि आम्हाला विसरलात?"

मी म्हटलं, कसल्या नोकऱ्या?

"अहो, तुम्हीच लिहिलंय ना! परदेशात नवी प्रयोगशाळा, माणसं हवीत, राहायची सोय. आणि काय गोड लिहिलंय! मी बायकोला म्हटलं, ताईंचं लग्न ठरलं बहुतेक."

कधी आलं विचारलं. एक तारखेला. दुसरं आज सकाळी.

आज सकाळी! माझा प्रवेश सोमवारपासून बंद आहे.

त्यांना माझं पान उघडून वाचायला सांगितलं. मशिनीचा फोटो नाही. एका बाईचा आहे. "मला वाटलं तुम्हीच, चष्मा काढून. चष्मा काढल्यावर माणूस ओळखू येत नाही ताई." पान चालू आहे. रोज लिहिलं जातंय. लोक अभिनंदन करतायत.

म्हणजे मर्यादा खात्यावर नाही. माझ्यावर आहे. आत कोणीतरी आहे, आणि यंत्रणेला घुसखोर म्हणून मी दिसतेय.

तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "ती एक पोरगी तर निघालीसुद्धा. थांबा, वाचतो — 'ताईंमुळे माझी निवड झाली. सतरा तारखेला निघतेय. माझ्या आयुष्यातली—' पुढे लांबलचक आहे."

नाव विचारायची गरज नव्हती. प्रश्नवालीच.

६ मार्च, गुरुवार

प्रश्नवालीला मी कधी भेटलेले नाही. चार-पाच तासांवरच्या एका गावात, छोट्या रुग्णालयात मशिनी सांभाळते. तेवीस-चोवीसची असेल. दोन वर्षांपूर्वी तिने पहिला प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून दर आठवड्याला एक. ताई, पाण्याची चालकता वाढली तर आधी काय बघायचं? ताई, हा सेन्सर मध्येच शून्य का दाखवतो? मी उत्तर द्यायचे — 'पान ४१ वाचा.' 'आधी झडप तपासा.' एवढंच. ती दर वेळी आभाराच्या चार ओळी लिहायची. मी आभारांना उत्तर देत नाही.

तिच्या रुग्णालयात फोन केला. वॉर्डातली सिस्टर: "ती? तिने नोकरी सोडली की! अठ्ठावीसलाच. मूळ प्रमाणपत्रंसुद्धा घेऊन गेली. पासपोर्ट आधी जमा करायचाय म्हणत होती. तुम्ही कोण?"

मी कोण, ते सांगितलं. सिस्टर हसली. "अय्या, त्या ताई तुम्हीच का! तुमचं नाव घेतल्याशिवाय तिचा घास उतरायचा नाही." घराचा पत्ता नाही दिला — नियम. मोबाइल नंबर दिला.

लावला.

तिने उचलला. मी नाव सांगितलं, म्हटलं, "तुम्ही सतरा तारखेला जाऊ नका. ते पत्र माझं नाही."

ती अगदी बारीक आवाजात — "ताईंनी सांगितलं होतं, असा फोन येईल म्हणून. आवाजाची नक्कल करतात म्हणाल्या. आणि ताई आता मला 'तुम्ही' नाही म्हणत."

ठेवला. नंतर नंबर लागत नाही. मला बंद केलंय. आईच्या फोनवरून केला — माझा आवाज ऐकला आणि तोही बंद.

तिला माझा आवाज माहीत नाही, चेहरा माहीत नाही. तिच्यासाठी मी म्हणजे ते खातं. खात्यात जो बसलाय तो मी.

अकरा दिवस आहेत.

७ मार्च, शुक्रवार

पोलिसांकडे. टेबलावरचा हवालदार सभ्य होता. सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं.

"गुन्हा घडलाय का?"

"तयारी चालू आहे."

"तयारीला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही, मॅडम. ती मुलगी सज्ञान. स्वतःच्या मर्जीने चाललीय. तक्रार तिची पाहिजे." मग थोडं खाली वाकून, "खातं आधी परत मिळवा. खातं तुमचं आहे हेच अजून ठरायचंय ना?"

संध्याकाळी दुसरं खातं काढलं, माझ्याच नावाने, की तिच्या पोस्टखाली निदान एक ओळ लिहावी. चाळीस मिनिटांत बंद! कारण: एका सदस्याची नक्कल केल्याचा संशय.

मिस्त्रींनी त्यांच्या खात्यातून लिहून पाहिलं. पाच मिनिटांनी फोन. "ताई, तुम्ही मला ब्लॉक केलंत! नऊ वर्षांची ओळख!" मग स्वतःच हसले.

८ मार्च, शनिवार

सकाळी दात घासताना आठवलं. खात्याला पत्ते दोन आहेत. एक माझा. दुसरा जुन्या कंपनीचा ईमेल. नावापुढे कंपनीची खूण हवी असेल तर तो पत्ता द्यावा लागायचा. दिला होता. काढायचा राहिला. तीन वर्षं! मी दुसऱ्यांच्या मशिनीत एक जादा स्क्रू राहिला तरी अहवाल परत पाठवते.

जुन्या कंपनीत गेले. शनिवार, अर्धा दिवस. पुढच्या टेबलावरच्या बाईंना म्हटलं, माझा जुना ईमेल बंद झाला होता ना? त्या म्हणाल्या, "बंद कसा होईल? नियमच तसा आहे. तुम्हीच लिहिलाय."

खरं आहे. शेवटच्या महिन्यात मलाच बसवलं होतं लिहायला. 'नोकरी सोडणाऱ्याचा ईमेल बंद करू नये. काम अडू नये म्हणून त्याच्या जागी येणाऱ्याकडे वळवावा. मुदत: ____.' मुदत साहेबांनी ठरवायची होती म्हणून रिकामी सोडली. साहेबांनी तशीच सही केली.

माझ्या जागी आलेली वर्षभराने गेली. तिचा ईमेल तिच्या जागी आलेल्याकडे वळला, माझ्यासकट. तोही गेला. मग जागाच भरली नाही. तेव्हा नियमाप्रमाणे सगळं वळलं 'विभागाच्या सामाईक यंत्राकडे'. मिस्त्री मला तिकडे घेऊन गेले.

प्रशिक्षणाची खोली. बाक, पांढरा फळा, कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर. पासवर्ड गुप्त नाही. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर आहे. उघडला. माझं नाव, माझी पेटी. वर ओळीने — 'तुमचा सांकेतिक अंक', 'तुमचा पासवर्ड बदलला आहे', 'नवीन ठिकाणाहून प्रवेश — हे तुम्हीच आहात का?'

सगळी वाचलेली. शेवटच्याखाली उत्तर दिलेलं: 'होय, मीच आहे.'

"इथे कोण बसतं?"

मिस्त्री म्हणाले, "कोण नाही बसत ते विचारा. बाहेरच्या कंपन्यांची माणसं येतात शिकायला, विक्रीवाले येतात, पोरं येतात. चहाच्या सुट्टीत कोणीही."

"हजेरी?"

"बाहेरच्यांची नाही ठेवत."

९ मार्च, रविवार

आई म्हणाली, "एका परीने बघितलं तर तुझ्या नावाने कोणीतरी चार माणसांशी गोड बोलतंय. तुला जमलं नसतं."

तिने गमतीत म्हटलं. मी ताट उचलून आत गेले.

१० मार्च, सोमवार

रजा घेतली. जुन्या कंपनीचा सिस्टिमवाला भेटला. पेटी बंद करायला फॉर्म लागतो, त्यावर जिच्याकडे ती वळवली आहे तिची सही. ती दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेली. "नियमात आहे," म्हणाला. कोणी लिहिलाय ते त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

मिस्त्री आत आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "बंद करतोस, की मी तारच उपटू?"

अकरा वीसला पेटी बंद झाली. आता नवे अंक तिला मिळणार नाहीत. (मी 'ती' लिहितेय. बाई आहे की पुरुष, माहीत नाही. फोटो बाईचा आहे, एवढंच.)

पण ती आत आहेच. दार बंद केलं म्हणून आतला माणूस बाहेर जात नाही.

११ मार्च, मंगळवार

तिसरा अर्ज. या वेळी सगळं जोडलं. ओळखपत्र, जुन्या कंपनीचं पत्र, नऊ वर्षांपूर्वी खातं उघडल्याचा पहिला ईमेल. शिवाय व्हिडिओ मागितला: चेहरा डावीकडे, चेहरा उजवीकडे, आता हसा.

हसा! तीनदा नाकारलं. चौथ्यांदा घेतलं.

१२ मार्च, बुधवार

काही नाही. 'तीन ते पाच कामाचे दिवस.'

मिस्त्रींच्या बायकोच्या खात्यावरून पान पाहिलं. प्रश्नवालीने बॅगेचा फोटो टाकलाय. खाली माझं उत्तर — 'शहाणी गं माझी! गरम कपडे विसरू नकोस.'

१३ मार्च, गुरुवार

आजही नाही.

१४ मार्च, शुक्रवार

दुपारी दोन पाच. 'तुमचा प्रवेश पूर्ववत करण्यात आला आहे.' टेबलाखाली दोन्ही मुठी आवळल्या होत्या, ते नंतर कळलं.

क्रमाने केलं. घाई केली असती तर चुकलं असतं.

पासवर्ड बदलला. सगळ्या यंत्रांवरून सगळ्यांना बाहेर काढलं. चार होती, एकही माझं नव्हतं. जुना पत्ता काढला. दुहेरी खात्री लावली, मेसेजवरची नाही, हातात धरायच्या छोट्या सुरक्षा-किल्लीवरची. जोडलेली तीन अनोळखी ॲप तोडली. अडचणीच्या वेळचे दहा अंक कागदावर उतरवले. कागद आईच्या कपाटात. पानावरचा त्या बाईचा फोटो हटवला. तो आधी जपून ठेवला, पोलिसांसाठी. मग पाच मिनिटं थांबून पुन्हा तपासलं. आत मी एकटी.

मग वाचायला घेतलं. एकसष्ट जणांना पत्रं. बहुतेकांनी 'विचार करून सांगतो' म्हणून सोडून दिलंय. होकार एकच.

प्रश्नवालीशी झालेलं सगळं वाचलं. सुरुवात नोव्हेंबरात. 'अगं वेडे, इतकी का घाबरतेस? मी आहे ना.' चार महिने! मध्ये माझीसुद्धा उत्तरं आहेत. त्या दुसरीने माझ्या आधी-नंतर लिहायचं आणि माझ्या नजरेपासून लपवायचं. आज 'लपवलेले निरोप' उघडले म्हणून दिसलं. प्रश्नवालीला कुठेच शिवण दिसली नसेल. तिला वाटलं, ताई हळूहळू मोकळ्या होतायत.

एक गोष्ट मान्य करते. प्रश्नवालीने जानेवारीत लिहिलं होतं की तिच्या वडिलांचं काम सुटलं. त्याला त्या दुसरीने दीड पान उत्तर दिलंय. चांगलं आहे. मी ते लिहिलं असतं तर — काय लिहिलं असतं?

शेवटचा निरोप मंगळवारचा: 'पुढचं आता फोनवरच बोलू गं.'

प्रश्नवालीला लगेच लिहिलं: 'सतरा तारखेला जाऊ नका. हे खातं चोरीला गेलं होतं.' वीस मिनिटांनी तिचं उत्तर — 'तुम्ही ताई नाही. ताई अशा बोलत नाहीत.'

१५ मार्च, शनिवार

सकाळभर विचार केला. तिला खरं सांगितलं तर ती पळते. दोन ताया आहेत म्हटलं, तर ती यातली गोड निवडणार. कोणीही निवडेल. तेव्हा आधी तिला थांबवायचं. उलगडा नंतर, समोरासमोर. चेहरा बघून, ओळखपत्र हातात देऊन, तिच्या आईवडिलांसमोर.

दुसरीची पत्रं पुन्हा वाचली. कुठे 'गं' येतो, कुठे उद्गारचिन्ह. मग लिहिलं:

'अगं वेडे, कालचा तो मेसेज सोडून दे, खात्यात गोंधळ झाला होता. ऐक, सतराला निघू नकोस हं! थोडा बदल आहे. पासपोर्ट घरीच ठेव, कोणालाही देऊ नकोस. उद्या अकरा वाजता मी स्वतः तुझ्या घरी येते. सगळं सांगते. पत्ता पाठव बरं.'

अंगावर दुसऱ्या कोणाचे तरी कपडे घातल्यासारखं वाटलं.

नऊ मिनिटांत उत्तर!

'अय्या ताई!! खरंच येणार? मी तर घाबरलेच होते काल. बाबांना सांगते. तुम्ही म्हणाल तसं. कुठ्ठे जात नाही.' खाली पत्ता. घराचा रंगसुद्धा.

वाचून खुर्चीत मागे टेकले. बारा दिवसांत पहिल्यांदा.

मिस्त्रींना कळवलं. "जिंकलात ताई!" बसचं तिकीट काढलं, पहाटे पाच पन्नासची, साडेदहाला पोहोचते. आईने ओळखपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. म्हणाली, "आणि जरा हसून बोल पोरीशी." बोलेन.

१६ मार्च, रविवार

बसमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय. नऊ बाराला खात्यात प्रश्नवालीचा निरोप:

'ताई, काल फोन करून आठला येते म्हणालात, तर बरोबर आठला दारात! बाबा नाही म्हणत होते, पण तुम्ही स्वतः न्यायला आलात म्हटल्यावर काही बोलले नाहीत. आई म्हणते, इतकी मायाळू बाई पाहिली नाही. तुम्ही गाडी चालवताय म्हणून मागच्या सीटवरून इथेच लिहितेय. थँक्यू, ताई. पासपोर्ट तुमच्या पर्समध्ये ठेवलाय.'

मी काल तिला फोन केला नव्हता.

नऊ तेराला लिहिलं — 'उतर. गाडी थांबव. ती मी नाही.' आता पावणेदहा. तिने अजून वाचलेलं नाही.